स्वीडनकरांचा फेटा

गेल्या शिमग्यात, रंगपंचमीच्या आदल्या दिवशी, ऐन दिवेलागणीला आमच्या पेठेनं दोन माणसांवर अन्याय केला. एक कल्हईवाल्यांचा दस्तगीर आणि दुसरा माझ्या मावशीच्या माडीवरचा भाडेकरू. दस्तगीरला कुणी खांद्यावर घेतलं नाही, हा त्याच्यावरचा अन्याय. भाडेकरूला घेतलं, हा भाडेकरूवरचा. दुसरा अन्याय ऐकून तुम्ही हसाल. खुशाल हसा. पेठही हसली होती, गुलाल उधळत हसली होती. पण मी स्वच्छ सांगतो, या करवीर नगरीत महाराजांच्या खालोखाल लोकांनी कुणावर जीव टाकला असेल तर तो या भाडेकरूवर, आणि लोकांच्या मायेनं कुणाला इतकं बेजार केलं असेल तर तेही यालाच.

हा गृहस्थ स्वीडन देशाचा. त्याच्या आईबापांनी ठेवलेलं एक नाव त्याला होतं, पण ते उच्चारताना जीभ दोनदा टाळ्याला लागायची आणि एकदा दातात सापडायची, म्हणून पेठेनं ते पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवलं. आजऱ्याचा आजरेकर, गारगोटीचा गारगोटीकर, तसा स्वीडनचा हा स्वीडनकर. त्यालाही ते इतकं पसंत पडलं की कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवून तो "स्वीडनकर, मावशींची माडी" एवढंच सांगायचा. तो देश कुठं आहे हे पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं, पण आगपेटीवर त्याचं नाव छापलेलं असतं एवढं वाण्यानं दाखवून दिलं होतं. मावशीला तेवढी ओळख पुरली. भाड्यानं जागा द्यायची की नाही यावर घरात वाद चालला असताना ती म्हणाली, "हेच्या गावच्या काड्या भर पावसात बी पेटत्यात. माणूस खोटा असंल व्हय?" आणि स्वीडनकर माडीवर राहायला आला.

तो आला होता दुधातली साय वेगळी काढायचं यंत्र बसवायला. आमच्याच पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं ते यंत्र मागवलं होतं आणि यंत्राबरोबर हा माणूस आला. यंत्र बघायला बायकांची रीघ लागली. रोज रवीनं ताक घुसळणाऱ्या बायका त्या, त्यांना एवढंच कळलं की एवढा सहा फुटी बाप्या सातासमुद्रापलीकडून लोणी काढायला आलाय. "अगं बया, मग हेची आई काय करतीया घरात?" असं एकीनं विचारलं आणि त्याच्या आईची दया येऊन बाकीच्या हळहळल्या. यंत्र चाललं झकास. पण साय गेल्यावर मागं जे निळसर पाणचट दूध उरलं ते बघून गवळी खवळले. आमच्या म्हशींची अब्रू घेतली म्हणाले. महिन्याच्या आत व्यापाऱ्यानं यंत्रावर गोणपाट टाकलं. स्वीडनकर मात्र परत गेला नाही. गुऱ्हाळांची इंजिनं दुरुस्त करत, काकवी चाटत, इथंच राहिला.

त्याच्या एकेक तऱ्हा सांगाव्या तितक्या थोड्या. पौषातल्या थंडीत, धुक्यात रंकाळा तलाव दिसेनासा झालेला असताना, हा पहाटे पाण्यात उतरायचा आणि त्या धुक्यातून त्याचं गाणं तेवढं काठावर यायचं, जसं काही पाणीच मराठी-कानडी सोडून तिसऱ्याच भाषेत गुणगुणतंय. उलट चैत्रात तो दुपारभर मावशीच्या हौदात गळ्यापर्यंत बसून राहायचा, डोक्यावर हॅट, हातात वर धरलेलं जुनं वर्तमानपत्र. भेटायला येणाऱ्यांना तो तिथूनच भेटायचा. म्हैस समोरून आली की हॅट काढायचा. माणसांना काढायचा नाही. "म्हस दूद देती. तू काय देतूस?" असं त्यानं एकदा दरबारच्या कारकुनाला विचारलं होतं. मराठी तो गवळ्यांच्या गोठ्यात शिकला, त्यामुळं त्याच्या मराठीला शेणाचा आणि वैरणीचा वास होता. एकदा एक बडे अंमलदार इंजिनाची चौकशी करायला आले, तर याचं स्वागत काय, "या की वो पावणं! तितं नगा बसू, शेणाचा पो पडलाय. हिकडं सरका, हाऽऽ, उभं ऱ्हावा!" अंमलदार मुकाट्यानं सरकले आणि उभे राहिले.

पण सगळ्यात मोठी तऱ्हा संध्याकाळची. त्याच्या देशात म्हणे उन्हाळ्यात सूर्य मावळायला तयारच होत नाही, माणसं कंटाळून उजेडातच झोपतात. त्यामुळं आमच्याकडचा सूर्यास्त त्याला कधी पटलाच नाही. रोज तो कौलांवर चढून बसायचा. पंचगंगेच्या अंगाला गुऱ्हाळांचा धूर आडवा पसरलेला असायचा, त्यात सूर्य गुळाच्या ढेपेसारखा विरघळत जायचा, देवळात घंटा वाजायला लागायची, आणि स्वीडनकर हळहळून म्हणायचा, "येवढ्या लौकर? अजून खेळायचं हाय की." जणू त्याला कुणी मुद्दाम घरी बोलावलंय.

खेळायचं म्हणजे फुटबॉल. हा माणूस विलायतेत पगारी खेळाडू होता, हे एका संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर उघड झालं. आमच्या तालमीचे वस्ताद, ज्यांचं सगळं आयुष्य कुस्तीच्या लाल मातीत गेलं, त्यांना ते काही केल्या उमगेना.

"पगार? खेळायचा?"

"व्हय की."

"आणि मग काम काय करायचास?"

"त्येच काम."

वस्तादांनी मिशीला पीळ दिला. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे आमच्या पैलवानावानी की! मग येड्या, आधी सांगाय नगो?"

आणि त्या दिवसापासून पेठेनं स्वीडनकरला खुराक लावला. खुराक म्हणजे आपण पैलवानाला पोसतो तसं पोसणं. रोज एका घरातून धारोष्ण दूध, बदाम, तूप, आठवड्याला मटणाचा रस्सा. आमच्या तालमीच्या संघातले बाकीचे दहा जण घरची भाकरी खाऊन खेळायचे आणि हा अकरावा पेठेच्या म्हशींवर. कोल्हापुरातला हा पहिला पगारी फुटबॉलपटू, आणि त्याचा पगार तांब्यातून यायचा.

खुराक फुकट गेला असं कुणी म्हणणार नाही. स्वीडनकर येण्याआधी आमचा संघ म्हणजे अकरा पैलवानांची मारामारी होती. आमचा गोलकीपर चेंडू सोडून माणूस धरायचा आणि त्याला चीत करून पंचाकडं अभिमानानं बघायचा. स्वीडनकरनं त्याला चेंडू धरायला शिकवलं. मग आम्ही जिंकायला लागलो, आणि तिथंच सगळं बिघडलं. न्हाव्याकडं पोरं स्वीडनकरसारखे केस कापून मागू लागली. एका गवळ्यानं पारड्याचं नाव स्वीडनकर ठेवलं. कुस्तीत नाव काढलेले मल्ल रस्त्यानं गेले तर लोक रामराम करायचे, हा गेला तर दुकानं सोडून मागं चालायचे. खुद्द गोलकीपरची आई, पोरगा गुडघे फोडून घरी आला की पाणी द्यायच्या आधी विचारायची, "स्वीडनकर कसा खेळला रं आज?" तो बिचारा दारातच उभा राहून सांगायचा, "झ्याक खेळला, आये."

आता दस्तगीर. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करणारं हे घराणं आमच्या पेठेत किती पिढ्या आहे ते पेठेलाही आठवत नाही. तुमच्या घरातलं पातेलं ज्यात आरशासारखं तोंड दिसतं, ते त्याच्या बापानं घासलेलं असणार. दस्तगीर बारीक अंगाचा, मान खाली घालून खेळणारा, मैदानाच्या डाव्या कडेला असून नसल्यासारखा. चेंडू त्याच्या पायात आला की क्षणभर मैदानावरचा सगळा कालवा लांब गेल्यासारखा वाटायचा. तो वर बघायचा नाही. चेंडू जिथं जायचा तिथं त्या घडीला कुणीच नसायचं, नुसती धूळ आणि तिरकं ऊन. आणि मग त्या मोकळ्या उन्हात, बोलावल्यासारखा, स्वीडनकर येऊन पोचायचा. पुढचं सगळ्यांना दिसायचं. गोल, हलगी, शिट्ट्या, फेटे हवेत.

मी एकदा स्वीडनकरला म्हटलं, "तुम्हाला कसं कळतं हो कुठं पळायचं ते?"

"मला कुटं कळतं?" तो हौदातून म्हणाला. "दस्तगीर बोलवतो. मी जातो. बास."

पण ही गोष्ट पेठेला कशी पटावी? पेठेची नजर कुस्तीची. कुस्तीत पाठ लावणारा एक, जिंकणारा एक, म्हणून फेटा एक. सामना संपला की वस्तादांनी जरीचा फेटा बांधायचा, खांद्यावर घ्यायचं, हलगी लावून तालमीपर्यंत मिरवायचं, अशी आमची रीत. फुटबॉल नवा आला, रीत जुनीच राहिली. दर वेळी फेटा स्वीडनकरच्या डोक्यावर. तो वर खांद्यांवरून ओरडायचा, "दस्तगीर! दस्तगीरला घ्या!" आणि खाली लोक डोळे पुसायचे, "बघ, मन किती मोठं हाय बघ!" की मिरवणूक आणखी एक गल्ली वाढायची.

मग त्यानं हट्टच धरला, आणि या माणसाचा हट्ट म्हणजे इंजिनाच्या चाकासारखा, एकदा फिरला की थांबायचा नाही. एका सामन्यात त्यानं पाय दुखतो असं सांगितलं आणि मैदानाबाहेर झाडाखाली जाऊन बसला. आता तरी दस्तगीरकडं बघतील, हा त्याचा हिशेब. तर निम्मी पेठ मैदानाकडं पाठ करून त्याला बघत उभी राहिली. "बसलाय बी कसा रुबाबात!" दस्तगीरनं त्या दिवशी दोन गोल करवले, ते पाहायला पंच आणि एक शेळी होती. मी त्या लोकांना म्हटलं, अहो, खेळ पलीकडं चाललाय. एक म्हातारा माझ्यावरच गुरगुरला, "गप ऱ्हा की. त्येचा पाय दुखतोय, दिसत न्हाय व्हय तुला?"

शेवटी तो रंगपंचमीच्या आदल्या दिवसाचा सामना आला, नदीपलीकडच्या संघाशी. सामना संपायला आला, गोल कुणाचाच नाही. दस्तगीरनं नेहमीसारखा चेंडू धुळीत सोडून दिला, स्वीडनकर तिथं पोचला, समोर गोल उघडा, त्यांचा गोलकीपर आडवा पडलेला. आणि स्वीडनकर थांबला. चेंडूवर पाय ठेवला, मागं वळला, पाठीमागून धावत येणाऱ्या दस्तगीरकडं हळूच सरकवला आणि बाजूला झाला, जसं घरात वडील माणूस आलं की आपण पाट सोडून उठतो तसा. दस्तगीरनं गोल केला. उन्हं कलली होती, त्या धुळीत तो क्षणभर सोन्यानं मढवल्यासारखा दिसला, दोन्ही हात अर्धे वर उचललेला, अजून खात्री न पटलेला.

लोक मैदानात घुसले. दस्तगीरच्या दोन्ही बाजूंनी, ओढ्यातल्या दगडाला पाणी वळसा घालून जातं तसे, पुढं गेले, आणि स्वीडनकरला उचललं.

"स्वतःचा गोल दुसऱ्याला दिला! हेला म्हंत्यात पैलवान!" वस्ताद फेटा बांधता बांधता म्हणाले.

मी चवताळून म्हणालो, "वस्ताद, गोल दस्तगीरनं केला!"

"आरं, केला की. पर दिला कुणी?"

आयुष्यात पहिल्यांदा वस्तादांनी विचारलं की चेंडू दिला कुणी, आणि तेही नेमकं त्या दिवशी. सांगा, संतापानं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

तालमीच्या दारात स्वीडनकर खांद्यांवरून अक्षरशः उडी टाकून खाली उतरला. दस्तगीर पलीकडं दगडावर बसून चपला घालत होता. स्वीडनकरनं डोक्यावरचा फेटा सोडला, त्याच्याजवळ गेला आणि आपल्या लांबसडक हातांनी त्याच्या डोक्याला गुंडाळायला लागला. धड बांधता येत नव्हतं, शेमला नाकावर येत होता, पण चेहऱ्यावर असं हसू, की आता झालं, आता सगळं जागच्या जागी आलं. हलगी थांबली.

दस्तगीर उठला. त्यानं फेटा उतरवला, नीट घडी घातली, आणि स्वीडनकरच्या हातात ठेवला.

"उतरलेला फेटा बांधून घेण्याएवढा मी भिकारी न्हाय, साहेब."

आजवर तो त्याला 'मर्दा' म्हणत आला होता. 'साहेब' त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला, आणि निघून गेला.

स्वीडनकरला काही कळलं नाही. त्याच्या मुलखात म्हणे आपल्या डोक्यावरची टोपी काढून मित्राला देणं ही फार मायेची गोष्ट. तो घरी येऊन ओट्यावर बसला. मावशीनं त्याला समजावलं, तिच्या पद्धतीनं. "आरं लेकरा, आपलं खाल्लेलं ताट दुसऱ्याफुडं सरकवतूस व्हय? फेटा तसाच असतोय. तू मायेनं दिलास. त्येच्या डोक्याला त्यो दुसऱ्याचा लागला." स्वीडनकर मान खाली घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "सगळं दूद एकच असतं, मावशी. तुमचं लोक यंतर हाय. साय काढत्यात."

त्यानंतर दस्तगीर मैदानावर आला नाही. स्वीडनकर दोनदा त्याच्या दारात जाऊन आला. आतून भात्याचा आवाज येत राहिला, दार उघडलं नाही. घरोघरचं दूध यानं परत पाठवलं. कौलांवर बसायचा, पण सूर्य बुडाला तरी आता काही म्हणायचा नाही. एके दिवशी त्यानं पेटी भरली. पेठ म्हणाली, देश आठवला असेल. कुणालाही वाटलं नाही की त्याला दस्तगीर आठवत असेल, जो चार घरं सोडून राहत होता.

स्टेशनवर सारी पेठ लोटली. हार इतके, की डब्याच्या खिडकीतून त्याचं नाक तेवढं दिसत होतं. मावशीनं मला भाकरीचं गाठोडं देऊन "मिरजेपतोर सोडून ये" म्हणून बसवून दिलं. गाडी सुटली. दोन्हीकडं ऊस होता, भर दुपारचा, झोपेत असल्यासारखा हलणारा. स्वीडनकर हार काढून एकेक बाकावर ठेवत होता.

हातकणंगल्याला गाडी थांबली. प्लॅटफॉर्म रिकामा, फक्त टोकाला कडुलिंबाच्या सावलीत एक बारीक माणूस उभा. दस्तगीर. एका पाटलाच्या घरी लग्नाच्या भांड्यांना कल्हई करायला तो तिकडं गेला होता. हात कोपरापर्यंत काळे. जिथं पेठ येणार नाही असं स्टेशन त्यानं निवडलं होतं, हे मला उशिरा सुचलं.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग स्वीडनकरनं पेटी उघडली, त्यातला जुना चेंडू काढला आणि दारातून खाली सोडला. दस्तगीरनं पायानं थांबवला.

"ये की मर्दा," तो म्हणाला. "गाडी हाय अजून."

आणि ते दोघं खेळले. बिडाच्या बाकाच्या या बाजूनं, रचलेल्या गुळाच्या ढेपांच्या त्या बाजूनं, चेंडू नुसता इकडून तिकडं. गोल नव्हता, पंच नव्हता, हलगी नव्हती. दोन हमाल डोक्यावरचं ओझं न उतरवता बघत उभे राहिले. गार्डच्या हातात निशाण होतं, तेही तसंच राहिलं. उन्हात त्यांच्या सावल्या पायांशी गोळा झाल्या होत्या आणि चेंडूचा आवाज येवढा मऊ होता, की झाडावरची पाखरंही उठली नाहीत. मला वाटलं हे असंच चालू राहणार, गाडी, ऊस, मिरज, सगळं थांबून राहणार.

शिटी झाली. स्वीडनकर पळत येऊन दारात चढला. गाडी हलली. दस्तगीरनं मान खाली घातली आणि चेंडू मारला, आमच्याकडं नाही, आमच्या पुढं, जिथं प्लॅटफॉर्मवर काहीच नव्हतं. चेंडू तिथं पोचला, आणि आमचं दार तिथं पोचलं. स्वीडनकरनं वाकून तो उचलला.

चेंडू मांडीवर धरून तो मला म्हणाला, "तुमी लोक लई उशिरा बगता. बॉल आत गेला की मग बगता."

तो गेला. त्याच्या देशात उन्हाळ्यात सूर्य मावळत नसेल, आणि त्याला मनसोक्त खेळता येत असेल, असं मी कधी कधी संध्याकाळी मनाशी धरून चालतो. दस्तगीर मात्र इथंच आहे. दिवाळीपासून तो परत खेळतोय, त्याच डाव्या कडेला, मान खाली घालून, आणि, पेठकऱ्यांनो, तुम्ही अजून "स्वीडनकर असता तर" म्हणून सुस्कारे टाकत त्याच्या पलीकडं बघता. तेव्हा माझं मागणं सरळ आहे. येत्या रविवारी मैदानावर या. दस्तगीरच्या पायातून चेंडू सुटेल, पुढं नुसती धूळ असेल, तिथं कुणी पोचलेलं नसेल. तेव्हाच, गोल व्हायच्या आधी, त्याचं नाव घ्या. मोठ्यानं.